रेझिन बदलण्याआधी तो मधला आकडा बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दीड वर्ष झालं. दोन क्लाउनफिश, थोडे मऊ कोरल, काही गोगलगायी. पाण्यासाठी चार टप्प्यांचा आरओ-डीआय लावलाय (आरओच्या मेम्ब्रेनमधून गाळलेलं पाणी पुढे डीआयच्या रेझिनमधून जातं, रेझिनचे दाणे उरलेले क्षार पकडतात). नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 310, डीआयमधून बाहेर 0. रोज संध्याकाळी आठ-नऊ लिटर काढतो, म्हणजे आठवड्याला साधारण साठ. अडचण अशी की दहा इंची हाउसिंगमधलं रेझिन सहा आठवड्यांत संपतं आणि काचेवरचा तपकिरी थर काही जात नाही. पुसला की तीन दिवसांत पुन्हा हजर. आता नवीन रेझिन घ्यायचंय. एक जण म्हणतो रंग बदलणारं घे, दुसरा म्हणतो ‘न्यूक्लिअर ग्रेड’च घे, तिसरा म्हणतो कॅटायन (धन आयन पकडणारं) आणि अनायन (ऋण आयन पकडणारं) वेगवेगळं भर. एका मित्राकडे पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं रेझिन पडून आहे, दिसायला अगदी तसंच. ते चालेल का? आणि संपलेलं रेझिन घरीच चार्ज करता, म्हणजे पुन्हा वापरण्याजोगं करता येतं का?
– तपकिरी काचेला वैतागलेला

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि आधी कॅल्क्युलेटर काढला. तुम्ही आकडे व्यवस्थित लिहिलेत, त्यामुळे अर्धं काम तुमच्याच पत्राने केलं.

दहा इंची कार्ट्रिजमध्ये साधारण 600 मिलीलिटर रेझिन मावतं. चांगलं मिक्स्ड बेड (कॅटायन-अनायन एकत्र मिसळलेलं) रेझिन एका लिटरमागे सुमारे 25 ग्रॅम क्षार पकडतं (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). म्हणजे तुमच्या कार्ट्रिजची कुवत झाली 15 ग्रॅम. आता मेम्ब्रेन धडधाकट असेल तर ते 98 टक्के क्षार अडवतं. 310 चे उरले सहा, लिटरमागे सहा मिलिग्रॅम. 15 ग्रॅमला सहा मिलिग्रॅमने भागा, अडीच हजार लिटर आले. आठवड्याला साठ लिटरने हे रेझिन चाळीस आठवडे चालायला हवं. अगदी हात आखडता घेऊन निम्मं धरलं तरी वीस आठवडे.

तुमचं सहा आठवड्यांत, म्हणजे 360 लिटरमध्ये आटोपलं. हिशेब उलटा करा: तुमच्या रेझिनवर लिटरमागे सहा नव्हे, चाळीसेक मिलिग्रॅमचं ओझं पडतंय. हे ओझं कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी तुम्हाला कुठलंच रेझिन सुचवणार नाही, कारण न्यूक्लिअर ग्रेड घेतलंत तरी तेही सातव्या-आठव्या आठवड्यात मान टाकेल.

तुम्ही मला दोन आकडे दिलेत, नळाचा 310 आणि शेवटचा 0. मधला दिला नाहीत. मेम्ब्रेनमधून बाहेर पडून डीआयमध्ये शिरण्याआधीचं पाणी किती दाखवतं? बहुतेक जण हा आकडा कधी घेतच नाहीत. शेवटी शून्य दिसलं की मन शांत होतं. पण शून्य ही रेझिनची कमाई असते आणि ती त्याने किती घाम गाळून आणली हे शून्य सांगत नाही. डीआय हाउसिंगच्या आधीची नळी काढा, मशीन वीस मिनिटं चालू दिल्यावर एका ग्लासात पाणी घ्या आणि मीटर बुडवा. वीस मिनिटं का, ते पुढे येईल.

आता दोन शक्यता. पहिली, हा आकडा तीस-चाळीसच्या घरात येईल. मग मेम्ब्रेन 87-90 टक्क्यांवर घसरलंय आणि त्याचं उरलेलं काम रेझिन करतंय. अठ्ठ्याण्णवचे नव्वद झाले हे ऐकायला आठ टक्क्यांचं वाटतं, पण पलीकडे जाणारे क्षार दोन टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर गेलेले असतात. पाचपट. रेझिनचं आयुष्य पाचव्या हिश्श्यावर येतं ते असं.

मेम्ब्रेन बदलण्याआधी मात्र तीन गोष्टी बघा. दाब बघा. घरगुती मेम्ब्रेनची क्षमता साधारण 50 ते 65 पीएसआय दाबाला आणि 25 अंश सेल्सियसला मोजलेली असते. तुमच्याकडे तीस-पस्तीसच येत असेल तर नवं कोरं मेम्ब्रेनही नीट अडवणार नाही. अशा वेळी छोटा बूस्टर पंप हेच औषध. मग मेम्ब्रेन बाहेर काढून त्याच्या टोकाच्या नळीवरच्या दोन बारीक ओ-रिंग बघा. एक जरी दुमडली असेल तर कच्चं पाणी बाजूने घुसून शुद्ध पाण्यात मिसळतं आणि आपण बिचाऱ्या मेम्ब्रेनला बोल लावतो. तिसरी, सांडपाण्याचं प्रमाण. एक मिनिट घड्याळ लावून शुद्ध पाणी एका भांड्यात आणि सांडपाणी दुसऱ्यात घ्या. एकास तीन किंवा चार असं प्रमाण असावं. सांडपाणी त्याहून बरंच कमी असेल तर फ्लो रिस्ट्रिक्टर (सांडपाण्याची धार आवळणारा छोटा भाग) तुंबलाय आणि मेम्ब्रेनवर क्षारांची पुटं चढतायत. हे तिन्ही ठीक असूनही आकडा वर असेल तर मेम्ब्रेन बदला. आणि ते एवढ्यात का गेलं हेही शोधा. बहुधा कार्बन फिल्टर वेळेवर न बदलल्याने क्लोरीन आत गेलेला असतो. आजच्या मेम्ब्रेनचा पातळ थर पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीनशी त्याचं अजिबात जमत नाही.

दुसरी शक्यता जास्त मजेशीर आहे. मधला आकडा पाच-सातच आला, मेम्ब्रेन उत्तम, तरी रेझिन संपतंय. मग चोर कोण? विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू असल्याने मेम्ब्रेनमधून आरपार जातो आणि टीडीएस मीटरला दिसत नाही, कारण मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि विरघळलेल्या वायूचा अगदी थोडाच भाग आयनांच्या रूपात असतो. पण रेझिनपाशी आला की अनायन दाण्यांवरचा हायड्रॉक्साइड त्याला पकडून बायकार्बोनेट करतो आणि एकेक जागा अडत जाते. लिटरमागे 30 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे अनायन रेझिनसाठी जवळपास 34 मिलिग्रॅम क्षारांएवढं ओझं. त्यात तुमचे मेम्ब्रेनमधून आलेले सहा मिळवा. चाळीस! हिशेब इतका नेमका जुळला की मला स्वतःलाच संशय आला, म्हणून पुन्हा करून बघितला.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. नळाचं ताजं पाणी घेऊन लगेच पीएच मोजा. त्याच पाण्याचा दुसरा ग्लास एअर स्टोन सोडून रात्रभर बुडबुडत ठेवा आणि सकाळी मोजा. पीएच अर्ध्या अंकाहून जास्त वर चढला असेल तर पाण्यात वायू भरपूर होता आणि तो उडून गेला. जमिनीखालून उपसलेल्या पाण्यात हे फार दिसतं. हे मोजमाप नळाच्याच पाण्यावर करा, डीआयच्या पाण्यावर नको. शुद्ध पाण्यात पीएच मीटर गडबडतं आणि हवेतला वायू शोषून ते पाणी आपोआप साडेपाच-सहाच्या आसपास येतं. ते बघून घाबरलेल्यांची पत्रं मला नेहमी येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मीठ घातलं की पीएच जागेवर येतो.

आणि तिसरा संशयित तुमच्याच पत्रात बसलाय: ‘रोज संध्याकाळी आठ-नऊ लिटर’. मशीन बंद असताना मेम्ब्रेनच्या अलीकडचे क्षार हळूहळू झिरपत पलीकडे जातात. त्यामुळे मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी बरंच खारट असतं. माझ्याकडे स्थिर आकडा सात आहे, पण रात्रभर बंद ठेवून सुरू केलं की पहिल्या मिनिटाला मीटर 70-80 दाखवतं आणि मग उतरत जातं. तुम्ही हा खारट घोट आठवड्यातून सात वेळा रेझिनला पाजताय. म्हणूनच मधला आकडा घेताना वीस मिनिटं थांबायला सांगितलं. आठवड्याचं पाणी एकदाच काढा, आणि मेम्ब्रेन व डीआयच्या मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा वॉल्व्ह बसवून पहिल्या पाच मिनिटांचं पाणी बाहेर सोडा. जोडायला दहा मिनिटं लागतात. रेझिन वाचवायचा याहून सोपा उपाय माझ्या माहितीत नाही. सगळं ओझं याने जाणार नाही, पण बराच भार हलका होईल.

आता काचेकडे वळू. टीडीएस शून्य असूनही तपकिरी थर का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्राच्या मुळाशी तोच वैताग आहे.

आधी तो थर नक्की डायटमचाच (तपकिरी सूक्ष्म शैवालाचाच) आहे ना, याची खात्री करा. बोट फिरवल्यावर पिठासारखा सहज निघत असेल तर डायटम. तोच शेंबडासारखा चिकट असेल, त्यात बुडबुडे अडकलेले असतील, रात्री कमी आणि दुपारी जास्त दिसत असेल, तर ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे वेगळ्याच जातीचे सूक्ष्मजीव, असू शकतात. त्यांचा मार्ग वेगळा. नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्यावर नेऊन ठेवलेल्या टँकमध्येच ते बऱ्याचदा माजतात, त्यामुळे तिथे पाणी आणखी शुद्ध करून काही हाती लागत नाही. तीन दिवसांत काचेवर परत येतो असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मी डायटम धरून चालते.

डायटमला आपलं कवच बांधायला सिलिका लागते. टँक नवा असताना वाळूतून आणि दगडातून ती सुटते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत तपकिरी थर येणं हे वयात येण्यासारखं आहे, आपोआप जातं. दीड वर्षांनंतरही जात नसेल तर सिलिका बाहेरून, म्हणजे पाण्यातून येतेय असं समजायला जागा आहे. इथे टीडीएस मीटर पुन्हा आंधळं. सिलिका पाण्यात अतिशय दुबळ्या आम्लाच्या रूपात असते, तिच्यावर विद्युतभार जवळपास नसतोच, त्यामुळे मीटरच्या लेखी ती तिथे नाहीच.

अनायन दाण्यांवरच्या जागा मर्यादित असतात आणि सगळे पाहुणे सारख्या ताकदीचे नसतात. सल्फेट सर्वांत घट्ट बसतं, मग नायट्रेट, मग क्लोराइड, मग बायकार्बोनेट, आणि सिलिका अगदी बाकाच्या टोकावर अंग चोरून. रेझिन नवं असतं तेव्हा सगळ्यांना जागा असते. ते भरत आलं की मागून येणारं सल्फेट, क्लोराइड आधी टोकावरच्या सिलिकेला उठवतं. ती बाहेर पडते आणि थेट तुमच्या बादलीत येते. कार्ट्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे साठलेली सिलिका थोड्या दिवसांत सुटत असल्याने काही काळ बाहेरच्या पाण्यात ती आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त असू शकते. आणि हे सगळं मीटर शून्य दाखवत असताना. मीटर एक, दोन, तीन दाखवू लागतं तेव्हा सिलिकेची मिरवणूक केव्हाच पुढे गेलेली असते. म्हणजे तुमचं रेझिन सहाव्या आठवड्यात ‘संपतं’ असं तुम्ही म्हणता तेव्हा ते सिलिकेपुरतं कदाचित चौथ्याच आठवड्यात संपलेलं असतं आणि पुढचे दोन आठवडे तुम्ही डायटमला जेवण वाढत असता. (कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण बायकार्बोनेटही सिलिकेला हुसकावतं.)

एक सिलिका टेस्ट किट घ्या. नळाचं, मेम्ब्रेननंतरचं आणि डीआयनंतरचं, तिन्ही पाणी तपासा. रेझिनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटच्या आठवड्यात एकदा. त्यातून जे कळेल ते कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं.

एवढं झाल्यावर आता तुमचा मूळ प्रश्न, कोणतं रेझिन.

मिक्स्ड बेड घ्या. स्ट्राँग अ‍ॅसिड कॅटायन आणि स्ट्राँग बेस अनायन यांचं तयार मिश्रण, कॅटायन ‘एच’ रूपात आणि अनायन ‘ओएच’ रूपात. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम कॅटायन दाण्यावर बसतं आणि त्या बदल्यात हायड्रोजन सुटतो. क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट अनायन दाण्यावर बसतं आणि हायड्रॉक्साइड सुटतो. दोघे भेटले की पाणीच तयार होतं, मागे काही उरत नाही. दोन्ही दाणे एकत्र मिसळलेले असल्याने ही भेट जागच्या जागी होते, म्हणून शून्य गाठायला मिक्स्ड बेडसारखं दुसरं काही नाही. आकारमानाने साधारण 40 टक्के कॅटायन आणि 60 टक्के अनायन असं मिश्रण असतं. यात कुणी हात मारलेला नाही, अनायन दाण्याची लिटरमागची कुवत कॅटायनपेक्षा बरीच कमी असते म्हणून तो जास्त घालावा लागतो.

पाकिटावर, नाहीतर विक्रेत्याकडच्या माहितीपत्रकात एक शब्द मुद्दाम शोधा: अनायन ‘टाइप 1’ आहे की ‘टाइप 2’. टाइप 2 पुन्हा चार्ज करायला सोपं, म्हणून कारखान्यांत त्याला मान आहे. सिलिका धरून ठेवण्यात मात्र टाइप 1 सरस. तुमच्या काचेची अवस्था बघता तुम्ही टाइप 1 सोडून दुसरीकडे बघू नका. रंग, ग्रेड, पिशवीवरचा मासा यांपेक्षा या एका शब्दाला मी जास्त किंमत देते.

न्यूक्लिअर ग्रेडचं म्हणाल तर नाव दणदणीत आहे आणि मालही उत्तम असतो. अणुभट्टीतल्या पाण्यासाठी बनवलेलं, जवळजवळ प्रत्येक जागा एच किंवा ओएच रूपात आणलेलं, क्लोराइडचा अंश अगदी कमी. भट्टीच्या धातूला क्लोराइड सोसत नाही म्हणून तो हट्ट. तुमच्या पाण्यात तर तुम्ही पुढच्याच मिनिटाला लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ घालणार आहात. चांगल्या कंपनीचं साधं, पण ‘व्हर्जिन’, म्हणजे पहिल्यांदाच वापरात येणारं रेझिन पुरेसं आहे. व्हर्जिन शब्दावर मात्र अडून बसा. पुन्हा चार्ज केलेलं रेझिन स्वस्त मिळतं, पण ते आधी कुठल्या कारखान्यातून फिरून आलंय हे आपल्याला माहीत नसतं. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांतही हेच दाणे वापरतात. तांब्याचा अंश गोगलगायींना आणि कोरलला किती जड जातो ते तुम्हाला सांगायला नको. त्याच कारणासाठी डीआयनंतर कुठेही पितळी जोड किंवा नळ लावू नका. क्षार काढून घेतलेलं पाणी धातूला भुकेलेलं असतं.

मित्राचं सॉफ्टनरचं रेझिन नको. दिसायला सारखं आहे, कारण दाणा खरोखर त्याच जातीचा असतो, पॉलिस्टायरीनचा. पण त्यावर हायड्रोजनऐवजी सोडियम बसवलेलं असतं आणि त्यात अनायन नसतंच. ते कॅल्शियम घेऊन सोडियम देतं, एक क्षार जाऊन दुसरा येतो. टीडीएस जिथल्या तिथे. 1935 मध्ये इंग्लंडात अ‍ॅडम्स आणि होम्स या रसायनशास्त्रज्ञांनी धन आणि ऋण दोन्ही आयन पकडणारी कृत्रिम रेझिनं बनवली, तिथून पाणी न उकळता सगळेच क्षार काढायची वाट खुली झाली. मित्राच्या पिशवीत त्यातला अर्धाच कारभार आहे आणि तोही आपल्या कामाच्या रूपात नाही.

रंग बदलणारं रेझिन मला आवडतं. अगदी नवख्याला तर मी तेच सुचवते, कारण डोळ्यांना दिसलेलं पटतं. निळ्याचा तपकिरी होत वर सरकणारा पट्टा बघत बसायला मजा येते हेही खरं. पण तो रंग दाण्यावर लावलेला रंगद्रव्याचा लेप आहे. दाण्याचं रूप बदललं की तो बदलतो. सिलिका सुटायला लागली हे तो सांगत नाही, आणि कॅटायन व अनायनपैकी ज्याला लेप आहे त्याचीच खबर देतो. मी पूर्वी वरचे दोन बोटं निळे उरेपर्यंत निवांत असायचे. आता निम्मं झालं की सावध होते.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: एकाऐवजी दोन डीआय कार्ट्रिज एकापाठोपाठ लावा. दोन्हींत मिक्स्ड बेड, पहिलीत रंग बदलणारं. पहिली संपली की टाकून द्या, दुसरी काढून पहिल्या जागी लावा आणि नवी दुसऱ्या जागी. मीटरचा एक प्रोब दोघींच्या मध्ये ठेवा. मध्ये 1 दिसला की बदलायची वेळ झाली. पहिलीने सोडलेली सिलिका ताजी दुसरी झेलते आणि पहिलीतलं रेझिनही अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत वापरलं जातं. तुमची काच याच्यानेच सुधारेल असं माझं मत आहे.

कॅटायन, अनायन वेगळं आणि शेवटी मिक्स्ड बेड ही तीन डब्यांची मांडणी चुकीची नाही. कार्बन डायऑक्साइडमुळे अनायनच आधी संपत असेल तर तेवढंच बदलता येतं, हा तिचा फायदा. करायचीच झाली तर कॅटायन आधी. उलटं लावलंत तर अनायनमधून सुटलेल्या हायड्रॉक्साइडमुळे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साका दाण्यांमध्येच बसतो. पण 200 लिटरच्या टँकला हा पसारा मला जास्त वाटतो. पीएचच्या चाचणीत वायू सापडला तर त्यापेक्षा सोपी युक्ती करा. मेम्ब्रेननंतरचं पाणी पिंपात साठवा, रात्रभर दोन एअर स्टोन चालू ठेवा आणि सकाळी छोट्या पंपाने ते डीआयमधून काढा. हवेशी बरोबरी झालेल्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमही वायू उरत नाही. डीआयला दाबाची गरज नसते, पाणी नुसतं सरकायला हवं. तीस मिलिग्रॅमचं ओझं तुम्ही दोन बुडबुड्यांच्या दगडांवर उतरवलंत.

घरी चार्ज करण्याचं स्पष्टच सांगते, करू नका. कॅटायनला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, अनायनला कॉस्टिक सोडा. त्याआधी दोन्ही दाणे खालून पाणी सोडून वेगळे करायचे, हलकं अनायन वर तरंगतं, जड कॅटायन खाली बसतं. थोडे जरी दाणे चुकीच्या बाजूला राहिले तर ते उलट भरले जातात आणि नंतर पाण्यात सोडियम किंवा क्लोराइड सोडत बसतात. एवढं आम्ल आणि कॉस्टिक घरात हाताळायचं, धुवायला कित्येक लिटर शुद्ध पाणी घालवायचं, आणि हाती काय येणार तर अर्धवट चार्ज झालेलं रेझिन. ज्या घरात मुलं किंवा मांजर आहे तिथे तर विषयच नको.

भरण्याबद्दल मात्र जरा थांबते, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एकदा घाईत कार्ट्रिज भरली, वरती दोन बोटं मोकळी राहिली, आणि वर ती आडवी बसवली. तीन आठवड्यांत मीटर चारवर. कार्ट्रिज काढून उजेडात धरली तर एका कडेने बोटभर रुंद तपकिरी वाट खालपासून वरपर्यंत गेलेली आणि बाकी सगळं रेझिन निळंशार, हातही न लागलेलं. पाणी नेहमी मोकळी वाट शोधतं. दाणे सैल असले की ते वर सरकतात, फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून पळतं. म्हणून कार्ट्रिज उभीच लावा, पाणी खालून वर जाऊ द्या. भरताना तीन-चार वेळा थांबून तळहातावर आपटा, दाणे बसू द्या, पुन्हा भरा, आणि वरचा स्पंज दाबूनच झाकण फिरवा. खाली ताट ठेवा. हे दाणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, गोल आणि गुळगुळीत असतात. फरशीवर मूठभर सांडले की बेअरिंगवर उभं राहिल्यासारखं होतं. मला त्या दिवशी कार्ट्रिजपेक्षा गुडघ्याचं दुःख जास्त झालं.

नवं रेझिन लावल्यावर पहिले काही लिटर फेकून द्या. अनायन रेझिनला कधी कधी मासळीसारखा वास येतो. तो त्यातल्या अमाइनचा असतो. धुतल्यावर जातो, तेवढ्यावरून माल खराब समजू नका. उरलेलं रेझिन हवाबंद पिशवीत, ओलसर असतानाच, सावलीत ठेवा. पिशवी उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड अनायन फुकटात खाऊन टाकतो. वाळू द्यायचं नाही आणि गोठू द्यायचंही नाही. म्हणूनच पाच वर्षांचा साठा एकदम करू नका, वर्षभराचा पुरे.

हे पत्र वाचणाऱ्यांत गोड्या पाण्याचे टँकवालेही असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्हाला बहुधा डीआय लागतच नाही. मेम्ब्रेननंतरचं पाच-दहा टीडीएसचं पाणी पुरेसं असतं, कारण त्यात तुम्ही पुन्हा जीएच-केएचचे (पाण्याचा कठीणपणा आणि क्षारता ठरवणारे) क्षार घालणारच आहात. आणि शून्याचं पाणी काही न मिसळता थेट माशांवर कधीही ओतू नका.

तर आधी वीस मिनिटांनंतरचा मधला आकडा, मग पीएचचे दोन ग्लास, मग टी आणि वॉल्व्ह, आणि त्यानंतरच नवं रेझिन. मधला आकडा मिळाला की मला कळवा. सोबत मेम्ब्रेनच्या आधीचा दाब आणि कार्बन फिल्टर शेवटचा कधी बदललात तेही लिहा. आणि त्या तपकिरी थरावर बोट फिरवून बघितलंत का, पिठासारखा निघाला की शेंबडासारखा, हे तर नक्की लिहा.